अमेरिकन यादवीतला आयरिश शिपाई जुन्या कागदांत कसा शोधायचा

पॅट्रिक मर्फी हे नाव अमेरिकन यादवीतल्या सैनिकांच्या ऑनलाइन यादीत टाकून बघा. ढिगाने ओळी येतात आणि प्रत्येक ओळीत तेच, नाव, रेजिमेंट म्हणजे पलटण, त्या पलटणीतली छोटी तुकडी म्हणजे कंपनी, भरती होतानाची रँक, सुटतानाची रँक. कुठल्या गावचा, आई कोण, का गेला लढायला, परत आला का, काहीच नाही. बरेच जण इथेच नाद सोडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरा माणूस त्याच्या पुढच्या कागदांत असतो. म्हणून मी ज्या क्रमाने शोधतो त्याच क्रमाने सगळं लिहून काढतोय. आपला कोणी तिथे नसला तरी चालतं, कुठल्यातरी थडग्यावर किंवा जुन्या फोटोखाली वाचलेलं एक नाव पुरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर कागद हातात येऊनही काय वाचतोय ते कळत नाही. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगाने सडायला लागलं, पुढच्या सहा-सात वर्षांत साधारण १० लाख माणसं भुकेने आणि तापाने गेली आणि त्याहून जास्त देश सोडून निघाली. १८६० च्या अमेरिकन जनगणनेत आयर्लंडमध्ये जन्मलेले जवळपास १६ लाख लोक होते, एकट्या न्यू यॉर्क शहरात दोन लाखांच्या आसपास. एप्रिल १८६१ मध्ये युद्ध पेटलं आणि चार वर्षांत उत्तरेच्या म्हणजे युनियनच्या बाजूने दीड लाखाच्या आसपास आयरिश जन्माचे लोक लढले, दक्षिणेकडून लढलेल्यांचा आकडा वीसेक हजार धरतात. शिपायाला पगार महिना १३ डॉलर, १८६४ मध्ये तो १६ झाला. गोदीवरची हमाली आणि खोदकाम मिळेल त्या दिवशी मिळायचं, सैन्यात पगार तरी ठरलेला आणि वर भरतीची बाउंटी, म्हणजे भरती झाल्याबद्दल मिळणारी रोख रक्कम. काहींच्या डोक्यात होतं की इथे लढाई शिकू आणि मग तिकडे जाऊन इंग्रजांना बघून घेऊ, १८५८ मध्ये स्थापन झालेली फेनियन ब्रदरहूड, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठीची संघटना, हीच स्वप्नं पेरत होती. आणि काहींना मनापासून वाटत होतं की ज्या देशाने थारा दिला तो फुटू नये. एकाच माणसात ही तिन्ही कारणं असू शकतात, त्यामुळे शोधताना एकच कारण धरून बसू नका.

आता दोन चुका, ज्या जवळजवळ प्रत्येक जण करतो.

पहिली चूक म्हणजे एलिस आयलंड, न्यू यॉर्कच्या बंदरातलं परदेशातून येणाऱ्यांची नोंद करणारं ठाणं, तिथून सुरुवात करणं. ते सुरू झालं १८९२ मध्ये, म्हणजे युद्ध संपून पंचवीसहून जास्त वर्षं झाल्यावर. आपला माणूस ऑगस्ट १८५५ नंतर न्यू यॉर्कला उतरला असेल तर तो कॅसल गार्डन या त्याआधीच्या ठाण्यातून आत आलेला असणार, आणि त्याआधी आला असेल तर जहाजातून थेट धक्क्यावर. जहाजांच्या याद्या आहेत, पण त्यात गावाच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसतं आयर्लंड लिहिलेलं असतं. सुरुवात तिथून केली तर महिने जातात आणि हाती काही लागत नाही.

दुसरी चूक म्हणजे आयरिश म्हटलं की आयरिश ब्रिगेड, म्हणजे युनियनच्या फौजेतली मुख्यतः आयरिश रेजिमेंटांची मोठी तुकडी, असं धरून चालणं. ब्रिगेडचं नाव मोठं आहे आणि ते त्यांनी रक्त सांडून मिळवलंय. ६३वी, ६९वी आणि ८८वी न्यू यॉर्क, नंतर २८वी मॅसॅच्युसेट्स आणि ११६वी पेनसिल्व्हेनिया या तिच्या रेजिमेंटा, सेनापती थॉमस फ्रान्सिस मार, जो आयर्लंडमधल्या १८४८ च्या इंग्रजांविरुद्धच्या उठावासाठी टास्मानियाला काळ्या पाण्यावर पाठवलेला आणि तिथून पळून १८५२ मध्ये अमेरिकेत आलेला. १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गला या लोकांनी टोपीला बॉक्सवूडची हिरवी डहाळी खोचली, कारण न्यू यॉर्कच्या रेजिमेंटांचे फाटलेले हिरवे झेंडे परत पाठवले होते आणि नवे हातात नव्हते, हिरवा झेंडा होता तो फक्त २८व्या मॅसॅच्युसेट्सकडे. मग उघड्या चढावरून दगडी भिंतीमागच्या बंदुकांवर चालून गेले. साधारण १,२०० माणसांपैकी ५४५ मेली, जखमी झाली किंवा सापडली नाहीत. नंतर भिंतीच्या जवळ पडलेल्या प्रेतांच्या टोप्यांवर त्या डहाळ्या होत्या. हे वाचून कोणालाही वाटेल की आपलाही माणूस तिथेच असावा, पण बहुतेक आयरिश शिपाई साध्या रेजिमेंटांमध्ये होते, जर्मन, इंग्लिश, गावठी अमेरिकन पोरांच्या रांगेत. त्यामुळे ६९वीच्या यादीत नाव नाही म्हणून थांबू नका. तसंच ६९वी म्हणजे कुठली हेही बघा, कारण ६९वी न्यू यॉर्क वेगळी आणि ६९वी पेनसिल्व्हेनिया वेगळी. ही दुसरीही आयरिशच, ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या दगडी बांधामागे दक्षिणेच्या सेनापती पिकेटचा हल्ला अंगावर घेतलेली.

तर आता प्रत्यक्ष काम. पहिला टप्पा नाव. नावाची सगळी रूपं एका कागदावर लिहून घ्या. भरती करणारा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा आणि समोरच्याला वाचता येत नसेल तर चूक सुधारणार कोण, शिवाय काही जण तर घरी आयरिश भाषाच बोलणारे. ओसुलिव्हनचा नुसता सुलिव्हन होतो, मॅकचं कधी नुसतं एक अक्षर उरतं, कधी तो पूर्ण उडतो. वर सांगितलेल्या सेनापतीचंच आडनाव घ्या, स्पेलिंगवरून मीगर वाटेल पण उच्चार मार, आणि त्यामुळे त्या आडनावाचा साधा शिपाई दोन-तीन वेगवेगळ्या स्पेलिंगखाली सापडू शकतो. वयावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. १६ चा पोरगा १८ सांगायचा, पन्नाशीचा माणूस ४४ सांगायचा. चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला.

दुसरा टप्पा रेजिमेंट आणि कंपनी. अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचा सैनिक आणि खलाशांचा डेटाबेस फुकट आहे, उत्तर दक्षिण दोन्ही बाजू त्यात आहेत. एकाच नावाचे वीस सापडले तर माणूस राहत होता त्या शहराच्या, काउंटीच्या म्हणजे जिल्ह्याच्या कंपन्या आधी घ्या, कारण कंपनी बहुधा एकाच वस्तीतून उभी राहायची. १८६० च्या जनगणनेत त्याच्या गल्लीत राहणाऱ्यांची नावं काढा आणि ती कंपनीच्या यादीत दिसतात का ते बघा. शेजारी सापडले की आपला माणूस तोच असण्याची शक्यता खूप वाढते, आणि हे शेजारी पुढे साक्षीदार म्हणून परत भेटतात, त्यांची नावं जपून ठेवा. न्यू यॉर्क राज्याने आपल्या रेजिमेंटांच्या छापील याद्या काढल्यात, पेनसिल्व्हेनियाची कार्डं आहेत, दोन्ही ऑनलाइन बघता येतात.

तिसरा टप्पा सर्व्हिस रेकॉर्ड. हे वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असतं, ऑनलाइन नसेल तर फॉर्म ८६ भरून मागवायचं. पाकिटात छोटी छोटी कार्डं असतात, युद्धानंतर कारकुनांनी मूळ हजेरीपटांवरून उतरवलेली, साधारण दर दोन महिन्यांना एक. हजर, गैरहजर, हॉस्पिटलमध्ये, कैदेत, पळाला. दिसायला कोरडं वाटतं पण कार्डं तारखेने लावून शेजारी त्या रेजिमेंटच्या लढाया लिहा, मग लक्षात येतं की अँटिएटमच्या लढाईनंतरच्या कार्डावर गैरहजर का आहे. हरवलेल्या बंदुकीचे, डबड्याचे पगारातून कापलेले पैसेसुद्धा नोंदलेले असतात. डोळ्यांचा रंग, केस, उंची, धंदा हेही मिळतं. जन्मगावाच्या जागी मात्र बहुतेकदा नुसतं आयर्लंड. माणूस राज्याच्या स्वयंसेवक रेजिमेंटऐवजी कायमच्या फौजेत, रेग्युलर आर्मीत असेल तर तिचं भरतीचं रजिस्टर वेगळं आहे, ते विसरू नका, त्यात कधीकधी काउंटीही लिहिलेली सापडते.

कार्डावर पळाला असं दिसलं तर लगेच वाईट मत करून घेऊ नका. बाउंटी घेऊन पळणारे होतेच, पण हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवलेला आणि कागद वेळेवर न पोचल्याने पळपुटा ठरलेला माणूसही असतो. पुढचं कार्ड बघा.

चौथा टप्पा पेन्शन फाइल, आणि माझं ऐकाल तर सगळा जोर इथे लावा. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने मेलेल्या शिपायाच्या बायकोला महिना ८ डॉलर मिळायला लागले, बायको नसेल तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला, पुढे बापालाही. पण सिद्ध करा म्हणाले. लग्न झालं होतं हे सिद्ध करा, मुलं त्याचीच हे सिद्ध करा, मुलगा आईला पोसत होता हे सिद्ध करा. श्रीमंत माणसाकडे दस्तऐवज असतात, या बायकांकडे काय होतं. आयर्लंडात कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद १८६४ पर्यंत होतच नव्हती. मग त्या गावच्या पाद्र्याकडून चर्चच्या वहीतला उतारा मागवायच्या, बाळंतपणाला असलेल्या सुइणीला उभं करायच्या, एकाच जहाजातून आलेल्या शेजारणी शपथेवर सांगायच्या की आम्ही हिच्या लग्नाला हजर होतो. दुकानदार सांगायचा की किराण्याचे पैसे मुलगा भरत होता. बाप जिवंत असेल तर त्याला काम होत नाही हे दाखवावं लागायचं, त्यामुळे बापाचा दमा, मोडलेला पाय, दारू सगळं त्या कागदांत उतरलंय. ज्या लोकांबद्दल इतिहासाने एक ओळसुद्धा लिहिली नसती त्यांची अख्खी घरं या फाइलींमध्ये उघडी पडलेली आहेत, आणि मी हे वाचताना दर वेळी थांबतो, कारण आठ डॉलरसाठी त्यांना हे सगळं परक्या साहेबासमोर मांडावं लागलं.

आणि पत्रं. मुलगा पैसे पाठवत होता याचा पुरावा म्हणून आया त्याची छावणीतून आलेली पत्रं अर्जाला जोडायच्या, ती फाइलमध्येच राहिली, त्यांना परत मिळाली नाहीत. त्यात लढाईपेक्षा पगाराचंच जास्त असतं, पगार अजून झाला नाही, झाला की ॲडम्स एक्सप्रेसने पाठवतो, मागचे पोचले का ते कळव. एकाच शिपायाच्या दोन पत्रांतलं अक्षर वेगळं दिसलं तर फाइलमध्ये घोळ आहे असं समजू नका, त्याला लिहिता येत नसल्याने जो मित्र मोकळा असेल त्याने ते लिहिलेलं असतं. तसंच आईच्या सहीकडे नीट बघा. नाव कारकुनाने लिहिलेलं असतं, नाव आणि आडनावाच्या मध्ये एक फुली, फुलीच्या वर आणि खाली बारीक अक्षरात ही हिची निशाणी अशा अर्थाचे दोन शब्द. ती फुली तेवढी तिच्या हातची. कधी वाकडी, कधी टाक जोरात दाबलेला, शाई पसरलेली.

फाइल शोधायची कशी, तर पेन्शनची अनुक्रमणिका कार्डं फॅमिलीसर्चवर आणि इतर साइटवर आहेत. कार्डावर अर्जाचा नंबर आणि मंजूर झाला असेल तर सर्टिफिकेट नंबर असतो, शिपाई, विधवा, अल्पवयीन मुलं, आई यांच्या वेगळ्या ओळी. दोन्ही नंबर लिहून घ्या. नामंजूर झालेल्या अर्जाचीही फाइल असते आणि ती कधीकधी जास्त जाड असते, कारण पुरावे पुन्हा पुन्हा पाठवलेले असतात. विधवांच्या बऱ्याच फाइली फोल्ड थ्री या साइटवर स्कॅन झाल्यात, नसेल तर नॅशनल आर्काइव्हजकडे फॉर्म ८५. मागवताना पूर्ण फाइल मागा, निवडक पानं नकोत, कारण कामाची गोष्ट नेहमी चौथ्या साक्षीदाराच्या तोंडून येते. विधवेने पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन बंद व्हायची आणि १६ वर्षांखालच्या मुलांच्या नावाने पालक अर्ज करायचा, म्हणून विधवेची फाइल मध्येच संपली तर मुलांच्या नावाने शोधा. १ जानेवारी १८८३ ला पेन्शन घेत असलेल्या सगळ्यांची छापील यादीही आहे, त्यात परदेशात राहणारे वेगळे दिलेत, म्हणजे आयर्लंडात परतलेला शिपाई किंवा तिकडेच राहिलेली आई तिथे सापडू शकते.

जो जिवंत परतला त्याची पेन्शन १८९० च्या कायद्यानंतर बघा, ९० दिवस नोकरी आणि काम करता न येणं एवढं पुरत होतं, दुखणं युद्धातलंच असायला हवं अशी अट नव्हती, फक्त ते स्वतःच्या वाईट सवयींमुळे आलेलं नको होतं, त्यामुळे अर्जांचा पूर आला. १८९० ची जनगणना आगीत गेली, पण माजी सैनिक आणि विधवांची वेगळी यादी निम्मी वाचली. इंग्रजी वर्णक्रमात केंटकीच्या मध्यापासून पुढची राज्यं आहेत, म्हणजे न्यू यॉर्क, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया मिळतात, इलिनॉय मात्र जवळपास गेलं. अपंग सैनिकांच्या सरकारी घरांची रजिस्टरं आणि नागरिकत्वाचे कागदही चाळा. जुलै १८६२ च्या कायद्याने सन्मानाने सुटलेल्या परदेशी शिपायाला एक वर्षाच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागता येत होतं.

पेन्शनची चौकशी माणसाला किती खोल उकरते याचं एक उदाहरण सांगतोच. लाउथ काउंटीतल्या क्लोगरहेड गावात जन्मलेली जेनी हॉजर्स १८६२ मध्ये अल्बर्ट कॅशियर या नावाने ९५व्या इलिनॉयमध्ये भरती झाली, तीन वर्षं लढली, आणि नंतरही अल्बर्ट म्हणूनच सोनमिन नावाच्या लहान गावात राहिली, काम केलं, मतदान केलं, पेन्शन घेतली. १९११ मध्ये मोटारीच्या धडकेत पाय मोडला आणि डॉक्टरांना कळलं. १९१४ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं, तिथे स्कर्ट घालायला लावला. पेन्शन खात्याने फसवणुकीचा संशय धरून चौकशी सुरू केली तेव्हा जुने सोबती शपथेवर बोलले, हाच आमच्याबरोबर होता, हा चांगला शिपाई होता. पेन्शन चालू राहिली आणि १९१५ मध्ये युनिफॉर्ममध्येच दफन झालं. त्या साक्षी नसत्या तर आपल्याला या माणसाबद्दल फारच थोडं कळलं असतं.

कैदेत मेलेल्यांसाठी एक मार्ग वेगळा आहे. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल तळावर १८६४-६५ मध्ये सुमारे १३,००० युनियन कैदी मेले. डोरेन्स ॲटवॉटर या कैद्याला मृतांची नोंद ठेवायचं काम होतं, त्याने गुपचूप दुसरी प्रत केली आणि १८६६ मध्ये ती छापली गेली, म्हणून तिथल्या बहुतेक थडग्यांना नाव आहे. नाव सापडलं तर थडग्याचा नंबरही मिळतो. १८६४ च्या उन्हाळ्यात तिथे कैद्यांमध्ये वावरणारा पाद्री पीटर व्हेलन स्वतः वेक्सफर्डचा आयरिश होता आणि दक्षिणेच्या बाजूचा होता, तरी कर्ज काढून त्याने शत्रूच्या कैद्यांना पाव खाऊ घातला.

दक्षिणेकडच्या आयरिश शिपायासाठी वाट बदलते. त्यांना वॉशिंग्टनने पेन्शन दिली नाही, राज्यांनी दिली, आणि तीही म्हातारपणी ज्या राज्यात राहत होता त्या राज्याने. म्हणजे लुइझियानाच्या रेजिमेंटमध्ये लढलेला माणूस टेक्सासच्या अर्जांत सापडेल. कॉर्कचा पॅट्रिक क्लेबर्न तिकडचा मोठा सेनापती, ३० नोव्हेंबर १८६४ ला फ्रँकलिनला पडला, पण शिपाई शोधायचे तर ६वी लुइझियाना आणि १०वी टेनेसीपासून सुरुवात करा.

एक गोष्ट टाळू नये असं मला वाटतं. १८६३ च्या सक्तीच्या भरतीच्या कायद्यात ३०० डॉलर भरून सुटका होती, म्हणजे मजुराच्या जवळपास वर्षभराच्या कमाईएवढे, आणि त्या जुलैत न्यू यॉर्कमध्ये दंगल उसळली. दंगलखोरांत आयरिश भरपूर होते. त्यांनी काळ्या लोकांना रस्त्यावर फाशी दिली, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला. त्याच जमावाने कर्नल हेन्री ओब्रायनला, एका आयरिश अधिकाऱ्यालाच, ठेचून मारलं. आपल्या माणसाचा भाऊ त्या गर्दीत सापडला तर तेही तसंच लिहून ठेवा.

शेवटचा टप्पा समुद्रापलीकडचं गाव. आयर्लंडात साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत, म्हणजे गावापेक्षाही लहान वाड्या, आणि वाडी कळल्याशिवाय तिकडचे कागद उघडत नाहीत. वाडी मिळण्याच्या मला माहीत असलेल्या तीन उत्तम जागा म्हणजे पेन्शन फाइलमधला पाद्र्याचा उतारा, न्यू यॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या वह्या, आणि बोस्टनच्या पायलट या वर्तमानपत्रातल्या हरवलेल्या माणसांच्या जाहिराती. बँक खातेदाराची ओळख पटवायला प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवायची, जन्म कुठल्या वाडीत, जहाज कुठलं, आई-बाप जिवंत का मेले, भाऊ-बहिणी कुठे. शिपायाच्या बायकोचं खातं असेल तर दोघांचंही घर सापडतं. पायलटमध्ये बहिणी भावांना शोधायच्या, अमुक काउंटी, अमुक पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, शेवटचं पत्र अमुक रेजिमेंटमधून.

तिकडे जनगणनेवर वेळ घालवू नका, १८५१ पर्यंतची बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या सरकारी दफ्तरखान्यात जळाली आणि १८६१, १८७१ ची सरकारनेच नष्ट केली. त्याऐवजी नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने कॅथलिक पॅरिशच्या वह्या १८८० पर्यंत फुकट ऑनलाइन ठेवल्यात, लॅटिनमध्ये पॅट्रिक हा पॅट्रिशियस होतो आणि जेम्स जाकोबस, तेवढं लक्षात ठेवा. आणि १८४७ ते १८६४ मधली ग्रिफिथची घरपट्टी-मोजणी, तिच्यात वाडीनिहाय कुळांची नावं आणि नकाशावर खूण आहे. पोरगं अमेरिकेला गेल्यावर विधवा आई मागे राहिली असेल तर ती इथे एका ओळीत असू शकते, तिचं नाव, जमीनदाराचं नाव, घर, जमिनीच्या रकान्यात काही नाही, आणि किंमत काही शिलिंग.